वायसरकाकांचा संशय

वायसरकाकांनी कुठल्याही रिकाम्या भांड्याला कधी रिकामं म्हटलं नाही. समोरच्याने शपथ घेऊन सांगितलं, भांडं उलटं करून दाखवलं, तरी काका मान तिरकी करून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "असेल. बघू." हे 'बघू' ज्याने एकदा ऐकलं त्याला कळायचं, की आता पुढचा तासभर भांड्याची आणि आपलीही उलटतपासणी होणार.

माझी झाली ती इथे विलायतेत, स्लाऊमधल्या त्यांच्या घरामागे, गॅरेजच्या दारात. मी नागपूरहून इथे बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करायला आले होते आणि घरी बिअर बनवण्याचा नाद मला नुकताच लागला होता. ऑफिसातल्या मैत्रिणीने वाढदिवसाला त्याचा किट दिला, तिथून सुरुवात. बाटल्या धुऊन धुऊन कंटाळले, म्हणून एक जुना स्टीलचा केग विकत घेतला. पूर्वी शीतपेयाचा पाक ज्यातून हॉटेलांना पुरवत, तो उभट, चकचकीत डबा. आपल्याकडच्या दुधाच्या कॅनचा सडपातळ भाऊ. मिल्टन कीन्सला एका सुपरमार्केटच्या कार पार्कात तो माझ्या हाती आला. इथल्या मराठी मंडळात कुणीतरी म्हणालं, "सील बदलायचे असतील तर वायसरकाकांकडे जा. पण तयारीनं जा."

काका सत्तरीचे, ठेंगणे, कायम निळ्या कोटात. केगकडे न बघता त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"नवऱ्यासाठी आणलाय?"

"नाही, माझ्यासाठी."

"बरं. विकणारा काय म्हणाला?"

"म्हणाला, ऑलमोस्ट न्यू आहे. आणि रिकामा आहे."

"शाळेत ऑलमोस्ट पास झालेल्याला काय म्हणतात?" काका म्हणाले. "नापास."

मग त्यांनी मला चार पावलं मागे उभं केलं, केगवर जुना टॉवेल टाकला आणि झाकणावरची बारकी कडी वर ओढली. तिला ते 'शिटी' म्हणत, कुकरच्या शिटीसारखी. फुस्स करून असा काही आवाज आला की मी दचकून कुंपणाला टेकले. टॉवेलमधून तपकिरी, चिकट फेस बाहेर आला. तो किती वर्षं आत कोंडून बसला होता कोण जाणे. हेच झाकण मी आदल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला निघाले होते. तेवढ्यात फोन आला म्हणून राहून गेलं.

"रिकामा होता, नाही का?" काका शांतपणे म्हणाले आणि हात पुसू लागले.

खरं नाव त्यांचं वेगळंच. मूळचे बार्शीचे. तरुणपणी इथे आले आणि स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, शीतपेयाच्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या खात्यात लागले ते तिथूनच रिटायर झाले. हे स्टीलचे केग त्यांनी हजारोंनी हाताळले होते. पुढे पाक प्लास्टिकच्या पिशव्यांतून जायला लागला, केग भंगारात निघाले आणि घरी बिअर बनवणाऱ्यांनी ते उचलले. मंडळात त्यांचं नाव वायसरकाका पडलं, कारण खिशात हात घातला की रुमालाच्या आधी रबराची चकती निघायची. एकदा गणपतीची आरती चालू असताना हॉलच्या किचनमधला नळ गळतोय हे त्यांना ऐकू आलं. 'घालीन लोटांगण'ला सगळे गिरक्या घेत होते आणि काका सिंकखाली लोटांगण घालून नळाचं वायसर बदलत होते.

त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. केग पूर्ण खोलायचा. झाकणाचं मोठं रबर, दोन तोंडांची दोन, आतल्या नळ्यांची दोन, अशी पाचही रबरं बघता क्षणी फेकून द्यायची. एखादं चांगलं दिसलं तर अधिक घाईने फेकायचं. "चांगलं दिसणारं रबरच दगा देतं," ते म्हणत. "फाटलेलं बिचारं फाटलेलं म्हणून तरी सांगतं." मग नळ्या ब्रशने घासायच्या, केग गरम पाण्याने धुवायचा, नवी रबरं खाण्यायोग्य ग्रीस लावून बसवायची, गॅस भरायचा आणि सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी फवारून टॉर्च घेऊन बसायचं. बुडबुडा आला की गळती. नाही आला तर? तरी काकांचं समाधान व्हायचं नाही. गेजवरचा दाबाचा आकडा चिकटपट्टीवर लिहून ती केगला चिकटवायची आणि दोन दिवसांनी आकडा तोच आहे का ते पाहायचं. तोच असला की काका गेजवर संशय घेऊन दुसरा गेज लावायचे.

एवढं सगळं झाल्यावर मात्र ते मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारत, "अगं, येतेस का जरा?"

काकू येत. उंच, काकांपेक्षा चार बोटं जास्तच, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर जाड कार्डिगन. केगच्या तोंडाशी वाकून डोळे मिटत. माझ्या त्या पहिल्या केगवर वाकून त्या म्हणाल्या, "पाक कोलाचा होता, पण त्याच्याआधी कधीतरी संत्र्याचा होता. डाव्या नळीत अजून आहे." काकांनी डावी नळी परत काढली आणि घासायला घेतली. गेजवर, साबणावर, माझ्यावर, स्वतःच्या डोळ्यांवर ज्या माणसाचा विश्वास नव्हता, तो बायकोच्या नाकापुढे निमूट मान तुकवत होता.

कारण त्या घरात बिअर बनवायच्या त्या काकू. कारखान्यात पॅकिंगच्या लाईनवर काम करताना एका आयरिश मैत्रिणीकडून त्या शिकल्या होत्या, आधी आल्याचं पेय आणि मग खरी बिअर. गूळ, आलं, कधी कोकम घालून त्या असं काही बनवायच्या की मंडळातले चार शौकीन महिनाभर आधी नंबर लावायचे. मोठ्या पातेल्यात काय उकळतंय असं कुणी पाहुण्या बाईंनी विचारलं तर "काढा" म्हणून सांगायच्या. मागच्या खेपेचं यीस्ट त्या फ्रिजमध्ये बरणीत राखून ठेवत, विरजण ठेवतात तसं. दर वेळी बरणी उघडायची, हुंगायची आणि ठरवायचं, हे चालेल की नवं आणायचं. काका मात्र थेंबही घेत नसत. "पिणारा तपासत नाही आणि तपासणारा पीत नाही," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी दर पंधरा दिवसांनी तिथे जायला लागले. केग हे निमित्त. काकूंकडून शिकायचं, काकांची बोलणी खायची आणि थालीपीठ खाऊन घरी यायचं. काका मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आले, याचा मला कोण अभिमान वाटला होता.

एकदा मी स्वस्तात तीन मोठे केग आणले. नेहमीचे नव्हते, पबमध्ये असतात तसले. काकांनी त्यांना बोटही लावलं नाही. वाकून केगच्या खांद्याजवळची कड दाखवली. तिथलं स्टील ग्राइंडरने घासलेलं होतं.

"इथं ब्रूअरीचं नाव कोरलेलं असतं. हे केग विकतच नसतात कुणी, ब्रूअरीचेच राहतात. चोरीचा माल आणलास."

"मला काय माहीत काका? माणूस चांगला दिसत होता."

"चांगलं दिसणारं रबर," काका म्हणाले.

एका केगच्या तळाशी अर्धवट राहिलेली अक्षरं सापडली. त्यावरून आम्ही ती ब्रूअरी शोधली आणि शनिवारी माझ्या गाडीत घालून तिन्ही केग परत करायला गेलो. तिथला मॅनेजर आमच्याकडे असा बघायला लागला की चोर आम्हीच. कुठून आणले, कुणी दिले, आत्ताच का परत करताय, नाव सांगा, पत्ता सांगा. माझा अगदी संताप झाला. परत येताना मी बडबडत होते आणि काका खिडकीतून बाहेर बघत गालात हसत होते. "बरोबर होतं त्याचं," ते म्हणाले. "मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. हुशार माणूस आहे."

तिसऱ्या वर्षीच्या थंडीत मात्र काहीतरी बिनसलं. काकूंची दिवाळीनंतरची खेप आंबट निघाली. आंबट म्हणजे थेट व्हिनेगर. चार शौकिनांनी तोंडं वेडीवाकडी करत ग्लास खाली ठेवले आणि "यावेळी जरा वेगळी झालीय" असं काहीतरी पुटपुटले. काकू ओशाळल्या. काकांनी सगळे केग खोलले, सगळी रबरं फेकली, नवी घातली. पुढची खेपही तशीच. मग काकांनी रबरं विकणाऱ्यावर संशय घेतला आणि दुसरीकडून मागवली. मग स्लाऊच्या जड पाण्यावर घेतला, मग साबणावर. गॅसचा सिलिंडर बदलला, नळ्या बदलल्या. तिसरी खेपही गेली.

त्या दुपारी मी गॅरेजमध्ये गेले तर काका स्टुलावर बसले होते, मांडीवर माझा केग.

"तू हा मागच्या महिन्यात इथं ठेवला होतास. धुऊन ठेवला होतास का?"

"हो. तुम्ही सांगितलंत तसाच."

"खरं सांग. कंटाळा केलास की नाही? एका घाणेरड्या केगनं सगळे केग नासतात. इथं बाहेरून येणारा केग तुझाच."

"काका, मी खोटं कशाला बोलू?"

"सगळेच असं म्हणतात," काका म्हणाले आणि केग माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जा."

मी केग उचलला आणि निघाले. मागच्या दारात काकू उभ्या होत्या. त्या एक पाऊल पुढे आल्या आणि तिथेच थांबल्या. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. आईवडील सात समुद्रांपलीकडे. या देशात जिथे बेल न वाजवता जायचे, असं ते एकच घर होतं.

दोन महिने मी तिकडे फिरकले नाही. मग मार्चमध्ये काकूंचा फोन आला. "अगं, ह्यांचं काय मनावर घेतेस. ते ऑप्टिशियनकडे गेले आहेत. तू ये, मी वरण-भात टाकते."

मी गेले. स्वयंपाकघरात शिरले आणि दारातच थबकले. फोडणी करपत होती. मोहरी, लसूण काळे ठिक्कर पडलेले, तेलातून धूर निघत होता आणि काकू पाठमोऱ्या उभ्या राहून कोथिंबीर चिरत माझ्या आईची चौकशी करत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

"बाई गं! बोलण्याच्या नादात बघ," काकू म्हणाल्या. हसल्या. पण ते हसणं मला बरोबर वाटलं नाही. काकांच्या संगतीत तीन वर्षं काढली होती, तो परिणाम असेल.

जेवण झाल्यावर आम्ही मागच्या अंगणात बसलो. स्लाऊमध्ये वारा फिरला की कुठल्याशा कारखान्यातून चॉकलेटचा वास येतो. काकू त्यावरून उद्याची हवा सांगायच्या. त्या दिवशी कसलाच वास नव्हता. शेजारी कुंपणाला लाकडाचं रोगण लावत होता, त्याचाच काय तो उग्र दर्प भरून राहिला होता. मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "आज चॉकलेटचा वास काय छान येतोय नाही, काकू?"

काकूंनीही श्वास घेतला. डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. "हो गं," त्या म्हणाल्या. "वारा फिरला वाटतं."

मी उठून पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले, फ्रिज उघडला, यीस्टची बरणी काढली आणि झाकण फिरवलं. नाकाला झिणझिण्या आल्या. इतकी आंबलेली बरणी कुणाला कळली नाही असं होणं शक्यच नव्हतं. त्याच विरजणातून प्रत्येक खेप लागत होती. केगचा काही दोष नव्हता. रबरांचा नव्हता, पाण्याचा नव्हता, माझाही नव्हता.

काका आले तशी मी त्यांना गॅरेजमध्ये गाठलं आणि दार लोटून घेतलं. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून सरळच सांगितलं. "काका, काकूंना वास येत नाहीये."

काका कोट काढत होते. एक हात बाहीत, एक बाहेर, तसेच थांबले.

"कोण म्हणतं?"

मी फोडणीचं सांगितलं, चॉकलेटचं सांगितलं, बरणीचं सांगितलं. काकांचा चेहरा लाल होत गेला.

"माझ्या घरी जेवलीस आणि माझ्या बायकोची परीक्षा घेतलीस?"

"काका, तुम्हीच शिकवलंत, बघितल्याशिवाय—"

"केगबद्दल शिकवलं!" काका ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "माणसांबद्दल नव्हे. निघ तू."

मी निघाले. आता हे दार कायमचंच बंद झालं, अशी माझी खात्री झाली.

दहा-बारा दिवसांनी रविवारी सकाळी माझ्या फ्लॅटची बेल वाजली. दारात वायसरकाका. तीन वर्षांत ते कधी माझ्याकडे आले नव्हते. निळा कोट नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता, त्यामुळे ते कुणी वेगळेच वाटत होते. नवरा चहा ठेवायला आत गेला आणि काका सोफ्याच्या अगदी कडेवर बसले.

"तुझा केग स्वच्छ होता," ते म्हणाले.

मी समोरच्या खुर्चीत बसले.

"मला तेव्हाही माहीत होतं. तुला घेऊन जा म्हटलं तेव्हाही माहीत होतं."

मला काही कळेना. मग काका थांबत थांबत बोलायला लागले. दिवाळीनंतरची ती पहिली खेप आंबली, तेव्हाच त्यांनी फ्रिजमधली बरणी हुंगून पाहिली होती. बरणी काकूंपुढे धरून विचारलं होतं, बरी आहे ना? आणि काकू डोळे मिटून म्हणाल्या होत्या, छान आहे.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं." काका आपल्या तळहातांकडे बघत होते. "म्हटलं, वायसर असेल. पाणी असेल. वायसर बदलताना बरं वाटायचं गं. तेवढा वेळ दोष त्याचाच असायचा. मग ती स्वतःच एकदा म्हणाली, 'अहो, माझ्याच हातून काही चुकतंय का?' रडवेली झाली होती. तेव्हा मला कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. तू समोर आलीस."

त्यांनी माफी मागितली नाही. तो शब्द त्यांच्याकडे नव्हता. पण समोर आलेल्या कपात डोकावूनही न बघता त्यांनी चहा प्यायला, आणि मला जे काही बोलायचं होतं ते मी गिळलं.

"तिला सांगू नकोस," जाताना ते म्हणाले. "मी आधीपासून ओळखून होतो, हे. तिला वाटू दे, मला तिच्याबद्दल कधी शंकाच आली नाही."

मी कबूल केलं.

पुढे डॉक्टर झाले, मोठं हॉस्पिटल झालं. कंपवाताची सुरुवात आहे असं निघालं. हात कापायच्या कितीतरी आधी नाक जातं म्हणे काहींचं. काकांनी डॉक्टरांवर संशय घेतला, रिपोर्टवर घेतला, मशीन शेवटचं कधी तपासलं होतं ते विचारलं. दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितल्यावर त्यांनी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. काकू मात्र शांत होत्या. त्या म्हणाल्या, "बरणी फेकून द्या आणि नवं यीस्ट आणा. माझे हात आहेत तोवर बनवते."

त्या वसंतात त्यांनी एकच खेप केली. केग मी धुतला आणि काकांनी बसवला. नळ उघडायची वेळ आली तेव्हा ग्लास कुणी हुंगायचा, असा प्रश्न पडला. काकू माझ्याकडे बघत होत्या. काकांनी हात पुढे केला आणि ग्लास घेतला. आधी टॉर्चसमोर धरून पाहिला, मग नाकाशी नेला आणि मग, आम्ही दोघी बघत असताना, चक्क एक घोट घेतला.

"सांगा ना," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला होता. "कडू आहे," ते म्हणाले. "थांब. मागून गूळ येतोय. जिभेच्या कडेला. आणि आलं... आलं घशात येतंय. बार्शीत तुझी आई सुंठवडा करायची, तसं." आणखी एक घोट घेतला. "आंबट नाही. अजिबात नाही."

"आवडली?"

"बघू," काका म्हणाले, आणि ग्लास संपवला.

काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "काय हो हे! अर्धं आयुष्य फुकट घालवलंत."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीने, नंदिनीने, दोघांना एडिनबराला नेलं. ती तिथे हॉस्पिटलात काम करते. घर विकताना काकांनी केग घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची मुलाखत घेतली आणि दोघांना तर नापास करून परत पाठवलं. निघायच्या दिवशी मी गेले तेव्हा ते गाडीच्या टायरमधली हवा तिसऱ्यांदा तपासत होते. मला म्हणाले, "तू नीट राहा. फार विश्वास ठेवू नकोस कुणावर." मग जरा थांबून, "माझ्यावर ठेवलास ते ठीक."

एडिनबराला गेल्यावर दुसऱ्या थंडीत काका गेले. सकाळी खिडकीच्या फटीतून वारा येतोय म्हणून ती बघायला उठले आणि तिथेच बसले, ते उठलेच नाहीत. मला जायला आठवडा लागला. नंदिनीने दार उघडलं. ती इथेच जन्मलेली, मराठी तिचं तिच्यापुरतं.

"आई कुणाशी बोलत नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "रडला पण नाही, एकदा पण. आय अ‍ॅम वरीड. तू बोल तिच्याशी, प्लीज."

काकू समोरच्या खोलीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर आपला आपण हलत होता, त्यावर त्यांनी डावा ठेवला होता. बाहेर करड्या दगडांची घरं आणि छपरांवर सीगल. मी शेजारी बसले.

"मला आधीच कळलं होतं," अचानक त्या म्हणाल्या. "वास गेल्याचं. गणपतीत कळलं. धूप लावला आणि मला काहीच आलं नाही. ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, सांगितलं तर हे केग बंद करतील. मग दिवसभर काय करतील हे? म्हणून डोळे मिटायचे आणि सांगायचं, छान आहे."

मी त्यांचा हात धरला.

"जगात कुणाला सोडलं नाही गं ह्यांनी. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांवर संशय. एक माझ्यावर कधी घेतला नाही. आणि मी नेमकं तिथंच त्यांना फसवलं. बिचारे थंडीत बसून रबरं बदलत राहिले. तेच डोळ्यांपुढून जात नाही."

माझ्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या कडेवर बसून काकांनी घेतलेला शब्द मला आठवला. तो मोडावा की पाळावा, हे मला ठरवता येईना. पाळला तर काकूंना नवऱ्याचा पूर्ण विश्वास मिळत होता आणि त्यासोबत त्याला फसवल्याचा सलही. मोडला तर दोन्ही जात होतं. मी त्यांच्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं.

"काकू, त्यांना माहीत होतं."

"काय?"

"दिवाळीपासून माहीत होतं. त्यांनी बरणी हुंगली होती. तुम्हाला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मान अगदी किंचित तिरकी झाली, जणू मी बनाव करतेय का हे तपासत होत्या.

"मग ती सगळी रबरं?"

"उगाच बदलली. तुमचं काही चुकतंय असं तुम्हाला वाटू नये म्हणून."

"सगळ्या केगची? तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"आणि मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून..." काकूंचं वाक्य अर्धवट राहिलं. त्यांचे ओठ हलले, आधी हसू आलं आणि ते हसू मध्येच मोडलं. "लबाड माणूस," त्या म्हणाल्या. "अगं, किती लबाड माणूस!" आणि पदर तोंडाशी धरून त्या मोठ्याने रडायला लागल्या.

आवाज ऐकून नंदिनी किचनमधून धावत आली. दारात उभी राहिली आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "काय सांगितला तू तिला?"

मी काही बोलायच्या आत काकूंनीच हात वर करून तिला थांबवलं आणि शेजारची जागा थोपटून तिला जवळ बसायला बोलावलं.